नाताळची कार्डं आणि भेटी घरीच करायच्यात, हातात पंधराशे रुपये आहेत

पापडीवाली | २६ नोव्हेंबर, रात्री ११.१०

नमस्कार. इथे चारेक वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही वसईचे. दर नाताळला कार्डं, भाचरांना खेळणी, शेजाऱ्यांना फराळाची ताटं, सासूबाईंना काहीतरी असं करता करता पाच-सहा हजार कधी जातात कळत नाही. यंदा ऑगस्टपासून ह्यांचं काम बंद आहे. नातेवाइकांत फारसं बोललेलो नाही. घरखर्चातून थोडे थोडे बाजूला टाकून पंधराशे रुपये जमवलेत, त्यातच सगळं बसवायचंय. बत्तीस कार्डं, त्यातली चौदा पोस्टाने जाणारी. सात भाचरं, पैकी पाच दहाच्या आतली आणि दोघं चौदा-पंधराची. पाच घरांना ताटं. शिवाय खिडकीत तारा लागलाच पाहिजे, तो दिसला नाही तर अख्खी आळी विचारायला येईल.

नणंद म्हणते, व्हॉट्सॅपवर पाठव आणि मोकळी हो. पण सासूबाईंच्या बहिणी नि मैत्रिणी अजून भिंतीला सुतळी बांधून आलेली कार्डं त्यावर टांगतात. सणाला येणारा प्रत्येक जण कुणाचं आलं, कुणाचं नाही ते बघतो. तिथे आमचं दिसलं नाही तर जे मी सांगितलं नाही ते सगळ्यांना आपोआप कळेल.

चित्रकलेत मी एलिमेंटरीला सी श्रेणी मिळवलेली बाई आहे. त्या बेताने सुचवा.

करमल | २७ नोव्हेंबर, सकाळी ७.४२

धाग्यावर स्वागत गो बाय! मी गोव्यातल्या बार्देशातली. आमचा नाताळ नाही, पण शेजारच्या घरातून दर वर्षी कोन्सवाद, म्हणजे नाताळच्या गोडाचं ताट, येतो म्हणून मला त्याची अर्धी वाटणी आहे असं मी धरून चालते. कुलकुल, नेवऱ्यो, दोदोल, एखादी बेबिंक्याची कापी. चवथीला आमच्याकडून त्यांच्याकडे जातं. ताट कधी रिकामं परतत नाही एवढाच नियम.

कार्डासाठी एक सांगते. आमच्या दारात करमल आहे, तुमच्याकडे त्याला बहुतेक कमरख म्हणतात. ते आडवं कापलं की पाच टोकांचा तारा मिळतो. पुसून कोरडं करायचं, रंग लावायचा, कागदावर ठसा. चित्रकला यायची गरजच नाही.

खवचट | २७ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

धाग्यावर थंड पाणी ओततो, माफी असावी.

हाताने केलेलं म्हणजे स्वस्त, हा या देशातला फार लाडका गैरसमज आहे. मागल्या वर्षी आमच्या घरात बारा दिवाळी कार्डं 'घरीच' झाली. चकाकीचा गोंद, नक्षीदार चिकटपट्टी, फुलाच्या आकाराचं पंच, तीन रंगांचे जाड कागद, सोनेरी धागा, वर घरपोच आणण्याचे पैसे. एकूण ११४०. म्हणजे कार्डाला ९५ रुपये पडले. पंच आजतागायत खणात आहे, दुसऱ्यांदा बाहेर आलेलं नाही. घाऊक बाजारात दहा-बारा रुपयांत छापील कार्ड मिळतं. बत्तीसचे साडेतीनशे. करा हिशेब.

पापडीवाली | २७ नोव्हेंबर, दुपारी २.०५

@खवचट, थंड पाणी वेळेवर पडलं. काल रात्री हा धागा टाकल्यावर एका दुकानाच्या संकेतस्थळावर ७८० रुपयांचं सामान टोपलीत टाकून झोपले होते. आत्ता काढून टाकलं.

पण छापील साडेतीनशेची घेऊन मग वर भेटीही विकतच्या घ्यायच्या म्हटलं तर बसत नाही. आणि छापील स्वस्त कार्ड बघितलं की समोरच्याला किंमत कळते. घरी केलेल्याची कळत नाही. खरं कारण हेच आहे, उगाच कलेचा आव कशाला आणू.

शाईचा डाग | २७ नोव्हेंबर, रात्री ९.३०

थोडं अवांतर. विकत मिळणारं पहिलं नाताळ कार्ड १८४३ सालचं, लंडनमधलं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थाला दर नाताळात येणाऱ्या पत्रांना हाताने उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्याने चित्रकार जॉन हॉर्सलीकडून एक चित्र काढून घेऊन छापलं. उरलेल्या प्रती एक शिलिंगने विकायला काढली. त्या काळी पेनी टपालाने अख्खं पत्र एका पेनीत जायचं, म्हणजे नुसतं कार्ड पत्राच्या हशिलाच्या बारापट. वर त्या चित्रात एका लहान पोरीला वाइन पाजताना दाखवलंय म्हणून दारूबंदीवाले संतापले ते वेगळंच. थोडक्यात, विकतचं कार्ड हीच वेळ वाचवायची पळवाट होती. पापडीवाली ताई जे करतायत ते त्याच्या आधीपासून चालू आहे.

कामाचं बोलायचं तर, लग्नपत्रिका! प्रत्येक मराठी घरात कपाटावर गठ्ठा असतो. जाड, सोनेरी, मोत्यासारखा चमकणारा कागद, फुकट. समोरच्या बाजूला गणपती आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असतं, ते सोडून मागची कोरी पानं कापून घ्यायची. तारे, देवदूताचे पंख, झाडाच्या पट्ट्या, काय हवं ते निघतं.

खवचट | २७ नोव्हेंबर, रात्री ९.५८

म्हणजे पहिलं कार्ड एका आळशी माणसाने काढलं. आवडला मला कोल.

हस्तकलाबाई | २८ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

नगरकर. शाळेत बत्तीस वर्षं कार्यानुभव शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं संडे स्कूलच्या पोरांकडून क्रिसमसची कार्डं करून घेतली. एका वेळी चाळीस पोरं आणि चर्चकडून मिळणारे दोनशे रुपये, असा माझा अनुभव आहे, त्यामुळे बाई, तू घाबरू नकोस. तुला सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बत्तीस कार्डं म्हणजे बत्तीस नक्ष्या नव्हेत. एकच नक्षी. ज्या बाया दर कार्डाला वेगळं काहीतरी करायला बसतात त्यांची सहा होतात आणि मग रात्री दोन वाजता रडारड. एका कार्डाला वीस मिनिटं धरलीस तर बत्तीसला जवळजवळ अकरा तास. तेच एका नक्षीचं काम टप्प्याटप्प्याने केलं, आधी सगळे कागद कापले, मग सगळे दुमडले, मग सगळ्यांवर ठसे, तर पाच-सहा मिनिटांवर येतं. आणि कुणाच्याही घरी तुझं एकच कार्ड जाणार आहे, शेजारी दुसरं ठेवून कोण बघतंय?

कागद मात्र विकत घे आणि चांगला घे. इथे कंजुषी नको. कार्डशीट, फिकट बदामी रंगाची, अडीचशे जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम), ए-फोर आकारात. एका कागदाची दोन कार्डं. गडद निळा कागद दुकानात फार सुंदर दिसतो, पण त्यावर आत लिहिता येत नाही, मग आत पांढरा कागद चिकटवा, तो सुकेपर्यंत थांबा, वजन वाढवा. म्हणून कागद फिकट आणि रंग गडद.

दुमडण्याआधी घडीची रेघ दाबून घ्यायची. ह्यासाठी संपलेली रिफिल आणि पट्टी. रेघेवरून एकदा जोरात ओढली की कागद त्या ओळीत सरळ दुमडतो, कडा फाटत नाही. नुसत्या हाताने दुमडलेलं जाड कार्ड आणि रेघ दाबून दुमडलेलं, हातात घेताच फरक कळतो. विकतच्यासारखं दिसण्यात निम्मा वाटा ह्या एका रेघेचा आहे.

करमलताईंचं फळ नगरच्या बाजारात मला कधी दिसलं नाही. आम्ही भेंडी वापरतो. पाच धारांची बघून घे, सहा-सात धारांच्याही येतात, त्यांचा तारा कमी आणि फूल जास्त होतं. जून भेंडी घे, भाजीवाला अशीच देईल. देठापासून दोन बोटं सोडून एका घावात काप. कापल्या कापल्या वापरू नकोस. बुळबुळीतपणा रंगात उतरतो आणि कडा पसरतात. कापलेली बाजू वर्तमानपत्रावर टेकवून दहा-पंधरा मिनिटं ठेव. रंगात बुडवायचीही नाही. जुन्या स्पंजच्या तुकड्यावर घट्ट पोस्टर रंग पसर आणि त्यावर भेंडी टेकव, जसं आपण शिक्का पॅडवर टेकवतो. आठ-दहा ठशांनंतर पातळ चकती कापून नवा भाग वापर. ताऱ्याच्या शेपटीला सोनेरी पेनाच्या दोन रेघा. पुरे. चकाकी आणलीस तर ती फेब्रुवारीत भाकरीत सापडेल.

चिकटवायला मैद्याची खळ कर. दोन चमचे मैदा अर्ध्या कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचा. चिमूटभर तुरटी घातली की आठवडाभर टिकते. पूर्वी मोरचूद घालायचे, पण ते विषारी, मुलांच्या हातात नको.

निवृत्त टपाल्या | २८ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

नाशिकहून. बाईंचं म्हणणं शिरसावंद्य. मी फक्त पोस्टाचं बोलतो, कारण लोक कार्डावर महिनाभर मरमर करतात आणि पाकिटावर चुकतात.

साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. आता गणित बघा. ए-फोर कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. अडीचशे जीएसएमचा एक कागद साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास, त्याचं अर्धं कार्ड पावणेआठ. पाकीट चार-पाच ग्रॅम. बारा-तेरा ग्रॅममध्ये काम होतं, सात ग्रॅम हाताशी राहतात. पण वर बटण, मणी, लाकडी चमचा, नारळाची करवंटी (हे मी पाहिलेलं आहे) असं चिकटवलंत की २० ओलांडलं. तिकीट कमी पडलं तर पत्र बेरंग होतं आणि कमी पडलेल्या रकमेची दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होते. म्हणजे तुमच्या मावशीने नाताळच्या दिवशी दारात पोस्टमनला पैसे मोजायचे. शिवाय उंचवटा असलेलं पाकीट यंत्रात शिक्का बसताना फाटतं. पोस्टाने जाणारी कार्डं सपाट ठेवा, नटवायची ती हाताने द्यायची.

वजनकाटा घरी नसेल तर एक पूर्ण तयार पाकीट सोनाराकडे किंवा किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. एकच नक्षी असल्यामुळे एकच मोजावं लागेल.

जुन्या माणसांना आठवत असेल, पाकीट न चिकटवता बुक पोस्टने कार्डं स्वस्तात जायची. त्या भरवशावर आता राहू नका. आणि १२ डिसेंबरच्या आत पेटीत टाका.

पिन कोड न चुकता. ही सहा आकड्यांची व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आमच्या खात्यातले अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी. मराठी माणसाने तरी पिन गाळू नये.

पापडीवाली | २८ नोव्हेंबर, रात्री १०.३०

बाई, तुम्ही माझा रविवार वाचवलात. टपाल काका, करवंटीवर फार हसले, कारण पुढचा प्रश्न करवंटीचाच आहे.

शेजारच्या पाच घरांना कुलकुलच्या पुडीसोबत करवंटीतली मेणबत्ती द्यावी असं डोक्यात आहे. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस झाला, तेव्हा आमच्या कबरस्थानात इतक्या मेणबत्त्या लागतात की दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं मेणाचे गोळे करून नेतात. थोडं आमच्याकडेही आहे. वापरावं का? कुणाला वावगं वाटेल का?

सातासमुद्रापार | २९ नोव्हेंबर, पहाटे ३.१५

न्यू जर्सीहून. मुलीच्या वर्गासाठी मीही 'स्वस्तात' कार्डं करायला बसले होते, दुकानातून ६० डॉलरचं सामान आणलं. @खवचट ह्यांच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

मेणाबद्दल, मला स्वतःला चालणार नाही. तर्क नाही, नुसतं आतून नको वाटतं.

आळीतला | २९ नोव्हेंबर, सकाळी ८.००

मीही वसईकडचाच. नको ताई. मेण ते मेणच, मान्य. पण कुणाच्या तरी आईच्या कबरीवर पेटलेली मेणबत्ती आपण सणाला भेट म्हणून द्यायची आणि उद्या पोरं बोलता बोलता सांगणार. तुम्ही जे झाकताय ते दुसऱ्याच बाजूने उघडं पडेल. घरच्या वेदीवरच्या वर्षभराच्या मेणबत्त्यांचे तुकडे साठले असतील ते घ्या, कमी पडलं तर अर्धा किलो मेण विकत आणा, शंभर-सव्वाशेला मिळेल. ते गोळे पोरांनाच देऊन टाका.

हस्तकलाबाई | २९ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

आळीतले भाऊ बरोबर बोलले.

मेण थेट गॅसवर वितळवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं भांडं, त्यात मेण. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकून गॅस बंद करायचा. वात सुती दोऱ्याची, आधी मेणात भिजवून ताठ केलेली. सुतळी धुरकटते. मेण गार होताना मध्ये खळगा पडतो, म्हणून थोडं राखून ठेवून दुसऱ्यांदा ओतायचं.

आणि दिवाळीच्या उरलेल्या पणत्या आहेत ना?

करमल | २९ नोव्हेंबर, दुपारी १.१०

दिवाळीवरून आठवलं. आकाशकंदिलाचा सांगाडा फेकला नसशील तर त्याच्या कामट्या ताऱ्याला चालतील. फक्त पतंगी कागद नवा घे.

आणि नाताळच्या गोठ्याला (येशूजन्माच्या देखाव्याला) हिरवळ विकत आणू नकोस! आमच्या शेजारीण डब्यांच्या झाकणांत नाचणी पेरते. आठ-दहा दिवसांत बोटभर लुसलुशीत हिरवं येतं. १२-१३ तारखेला पेर, म्हणजे चोविसाव्याला बरोबर. लवकर पेरलं तर वाढून आडवं पडतं, आणि मग मेंढरं जंगलात हरवल्यासारखी दिसतात.

शाईचा डाग | २९ नोव्हेंबर, दुपारी ३.२५

गोठ्यासाठी किल्ल्यावरचे मावळे! दिवाळीनंतर उरलेले अर्ध्या किमतीत मिळतात. ढाल-तलवार तोडून अंगावर घोंगडी रंगवली की मेंढपाळ. लहानपणी पुण्यात आमच्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या गोठ्यात एक मेंढपाळ कायम मुजरा करायचा, आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

खवचट | २९ नोव्हेंबर, रात्री ८.१९

मेणबत्त्या नि मेंढपाळ झाले. मुलांचं काय? सात भाचरांना घरी केलेलं खेळणं म्हणजे सात उतरलेले चेहरे. अनुभवाचे बोल. चौदा वर्षांच्या पोराला विणलेला टोपीवाला ससा देऊ नका, तो स्वतःचं लग्न होईपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही.

हस्तकलाबाई | २९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

ह्यावेळी खवचटरावांशी सहमत. मोठ्या दोघांना पाकिटात रोख दे. पाकीट तू केलेलं असू दे, आतलं रिझर्व्ह बँकेचं.

लहान पाचांना जुन्या साडीच्या मुठीएवढ्या पिशव्या शिवून त्यात चिंचोके भर, प्रत्येकाला पाच. सागरगोट्यांसारखं खेळता येतं, पुठ्ठ्याला भोकं पाडून नेम धरता येतो. दहाच्या आतलं पोर चार दिवस तरी सोडत नाही. शिवण दुहेरी घाल. चिंचोके घरभर झाले की शिव्या तुला बसतील. तीनाच्या आतलं कुणी असेल तर त्याला मात्र देऊ नकोस, तोंडात घालतात.

सातासमुद्रापार | ३० नोव्हेंबर, पहाटे ४.४०

कार्डाच्या इतिहासात एक भर. युनिसेफची नाताळ कार्डं आठवतात? त्यांचं पहिलं कार्ड १९४९ चं, चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या यित्का साम्कोवाने काढलेल्या चित्राचं. युद्धानंतर गावाला मदत मिळाली म्हणून आभाराचं चित्र. कागद नव्हता, तिने काचेवर रंगवलं. नाताळचं चित्रही नव्हतं ते, खांबाभोवती नाचणारी मुलं होती. तरी कार्ड झालंच.

पापडीवाली | १० डिसेंबर, रात्री ११.५०

मधला अहवाल.

ठशांची पहिली रात्र फसली. बाईंनी ठळक अक्षरांत लिहूनही मी भेंडी कापल्या कापल्या वापरली. सहा कार्डांवर तारे पसरून जेलीफिश झाले. चारांवर सोनेरी रेघा ओढून सांभाळून घेतलं, दोन गेली. दुसऱ्या रात्री पंधरा मिनिटं धीर धरला आणि काय सांगू, एकेक ठसा छापल्यासारखा. रिफिलच्या रेघेने तर जादू झाली. ह्यांनी एक हातात घेऊन विचारलं, कुठून आणलीस?

पाकिटं आधी सगळी घरीच करणार होते, कालनिर्णयच्या उलटून गेलेल्या महिन्यांची. पण त्यावर पत्ता वाचताच येत नाही. म्हणून पोस्टाच्या चौदांना विकतची पांढरी आणि हाताने द्यायच्यांना कालनिर्णयची. आतल्या बाजूला एखादी पाककृती किंवा राशिभविष्य येतं. एका काकूला मुद्दाम तिचीच रास घातलीय.

सोनाराच्या काट्यावर १२.६ ग्रॅम भरलं. टपाल काका, तुमचं गणित चोख. पत्ते ह्यांनी लिहिले, त्यांचं अक्षर माझ्याहून कितीतरी सुरेख आहे. दोन संध्याकाळी बसले होते. आज चौदाही पेटीत पडली, पिनसकट.

नाचणी परवा पेरते.

निवृत्त टपाल्या | ११ डिसेंबर, सकाळी ९.००

शाब्बास. पोहोचतील.

आळीतला | १९ डिसेंबर, रात्री १०.२०

धागा वर काढतोय. कुलकुल झाले का? आमच्याकडे काल झाले. आईने ह्यावेळी पिठात साखर जास्त घातली आणि निम्मे तेलात फुटले, अजून मोहरी तडतडल्यासारखा आवाज कानात आहे.

पापडीवाली | १९ डिसेंबर, रात्री ११.००

उद्या बसतोय. नणंद येतेय, कुलकुल वळायला कंगवा घेऊन. (नवा कंगवा, घाबरू नका. जेवणाच्या काट्याच्या पाठीवर आमचे कधी नीट वळत नाहीत.) पाकात घोळवणार नाही, तेवढीच साखर वाचते. साखरेचा इशारा लक्षात ठेवते.

पापडीवाली | २८ डिसेंबर, दुपारी ४.३०

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा, उशिरा. हिशेब देते, कारण त्यासाठीच धागा काढला होता.

कार्डशीट १८ कागद, ९० रुपये. पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा ५०. तिकिटं ७०. निळा रंग आणि सोनेरी पेन मिळून ७५. म्हणजे कार्डांचे २८५. खवचटराव, तुमच्या छापील साडेतीनशेपेक्षा कमी, आणि त्यात तिकिटं-पाकिटंही आली. मजुरी धरली तर तुम्ही जिंकलात, तीन संध्याकाळी आणि एक रविवार गेला.

कुलकुलला मैदा, रवा, साखर, दोन नारळ, अंडी आणि लिटरभर तेल, साधारण ३५०. तेल निम्मं उरलं. मोठ्या दोघांना दीडशे-दीडशे, म्हणजे ३००. ताऱ्याला कामट्या, पतंगी कागद नि दोरा १२० (आकाशकंदिलाच्या कामट्या वाळवी लागलेल्या निघाल्या). मेण ११०. कुलकुलच्या पारदर्शक पिशव्या ४०. एकूण १२०५. उरलेले २९५ चोविसाव्याला मासळीत गेले, पापलेट नाही, पण बोंबील ताजे होते.

फसलेलं काय ते सांगते. करवंटीच्या मेणबत्त्या. नारळाला तीन डोळे असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्यातला एक आरपार मऊ असतो हे मेण ओतल्यावर ओट्यावर कळलं. खालच्या, बिनडोळ्याच्या अर्ध्या वापरायच्या. त्या दोनच होत्या. बाकी तीन घरांना बाईंच्या पणत्या.

सासूबाईंसाठी शेवटपर्यंत काही सुचत नव्हतं. मग माझ्या जुन्या साडीच्या काठाची लांब वेणी घातली आणि सुतळीच्या जागी भिंतीला ती बांधली. त्यांची कार्डं आता तिच्यावर आहेत. काही बोलल्या नाहीत, पण आल्यागेल्याला आधी वेणी दाखवतात, मग कार्डं.

चौदा वर्षांच्या भाच्याने पाकीट उघडून बघितलं, नोटा खिशात घातल्या आणि पाकीट परत दिलं. बाई, खवचटराव, तुम्हाला साष्टांग. चिंचोक्यांच्या पिशव्यांपैकी दोन दुसऱ्याच दिवशी फुटल्या. दुहेरी शिवण पहिल्या तीन मुलांपुरतीच टिकली होती, नंतर मी कंटाळले.

एका नात्यातल्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलंच, यंदा विकतची मिळाली नाहीत वाटतं? मी काही म्हणायच्या आत सासूबाई म्हणाल्या, विकतची तुमच्याकडे आहेत ना, बघितली आम्ही. विषय तिथेच संपला. त्यांना ह्यांच्या कामाचं ऑक्टोबरपासून माहीत होतं, हे मला त्या रात्री भांडी घासताना कळलं.

ह्यांना २ तारखेला एका ठिकाणी बोलावलंय. बघू.

छत्तीस झाली, दोन बिघडली, बत्तीस गेली. दोन उरलीत. तीन राजांचा सण ६ जानेवारीला, तोवर आमच्याकडे नाताळच. कुणाला हवं असेल तर निरोपातून पत्ता कळवा. एकावर कोपऱ्यात जेलीफिश आहे, आधीच सांगते.

करमल | २८ डिसेंबर, संध्याकाळी ५.०२

मला! मला जेलीफिशवालं.

खवचट | २८ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

दुसरं मला. पत्ता निरोपात टाकलाय. पाकीट कालनिर्णयचं चालेल, रास वृश्चिक.

निवृत्त टपाल्या | २८ डिसेंबर, संध्याकाळी ६.५५

कालनिर्णयच्या पाकिटावर पत्ता वाचता येत नाही. पांढरं वापरा, गठ्ठ्यातली उरली असतील. आणि @खवचट, पिन दिलात का?

खवचट | २८ डिसेंबर, संध्याकाळी ७.०१

देतो.